बुधवारचं पाणी आणि तुझा कॅनडा

अण्णा,

तुला शेतात बसवून आलो आणि माझं बसणं गेलं. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, मातीत बसवतात. स्वामींनी कपाळाला विभूती लावली, तळहातावर लिंग ठेवलं, आणि वर्गातली पोरं गप्प होईपर्यंत थांबायचास तसा तू खाली निवांत बसलास. इकडं लातूरला मी घरात येरझाऱ्या घालतोय. दुकानात जातो, स्टुलावर टेकतो, उठतो. पाण्याच्या जळक्या मोटारीचं झाकण उघडतो, तसंच ठेवून देतो. बायको म्हणते, "का उगंच फिरून राहिलाव? बसा की एका जागी."

बसू कसा? तुझ्यावर माती लोटून आम्ही बांधानं परतत होतो, तेव्हा तुझ्या शिवराजनं मला मागं थांबवलं. चाळिशीचा बाप्या, पण बोलताना नजर खाली. "काका, एक इचारायचं हुतं. बुधवारी मोटार चालू करू का? पाऊस न्हाई, सीताफळाची रोपं मान टाकून राहिलीत." मी म्हणालो, "सांगतो." आणि मिळेल त्या एसटीनं निघून आलो. इतका साधा प्रश्न. हो म्हणायचं नाहीतर नाही. पण मला तो गिळता येईना आणि थुंकता येईना. हे सगळं तुझं काम आहे. तू करून ठेवलंस आणि निस्तरायला मला मागं ठेवलंस.

उदगीरला तुझ्या कॉलेजात शोकसभा झाली. मी शेवटच्या रांगेत होतो. जो उठेल तो म्हणे, सर शांत होते, सर संयमी होते, सरांचा आवाज कधी चढला नाही. मी आपला ओठ चावत बसलो. या माणसाच्या शांतपणानं मला जन्मभर किती छळलंय ते त्यांना कुठं ठाऊक. तुझ्या आवाज न चढवण्यावर माझा आवाज किती चढायचा, हे त्या सभेत उठून सांगावंसं वाटत होतं. आणि कॅनडाचं नाव तर कुणी काढलंच नाही.

तू बीएच्या पोरांना इतिहास शिकवायचास. त्यात ब्रिटिश वसाहतींचा एक पेपर असायचा आणि त्यातला कॅनडा तुझा लाडका. पोरं जांभया द्यायची. मोठी लढाई जिंकून कुणी राजाला हाकललं नाही, अमुक दिवशी झेंडा उतरवला आणि देश मोकळा झाला असंही नाही. परीक्षेत काय लिहायचं? म्हणून तू तो धडा वाटणीच्या भाषेत सांगायचास. जळकोट, चाकूरकडून एसटीनं येणाऱ्या पोरांना वाटणी बरोबर कळते. तो धडा मी वर्गात कधी ऐकला नाही, पण माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून तू तो इतक्या वेळा सांगितलास की मी आजही परीक्षेला बसेन.

"बाप लंडनला," तू सुरू करायचास. "लेकरं समुद्रापल्याड. खालच्या अंगाची लेकरं भांडली, बंदुका काढल्या, निघून गेली. ती अमेरिका. वरच्या अंगाची ऱ्हायली. ती कॅनडा." त्या राहिलेल्यांतलं एक घर तर बापानं फ्रेंचांकडून लढून घेतलेलं, त्यांची भाषा वेगळी, त्यांचा धर्म पाळायचा रिवाज वेगळा. मध्ये दोन ठिकाणी पोरांनी काठ्या उचलल्या. बापानं ते मोडून काढलं, पण मनात चरकला. लंडनहून एक उमराव चौकशीला आला आणि परत जाऊन म्हणाला, घरचा कारभार पोरांनाच बघू द्या. मग कारभारी लंडनच्या माणसाचं न ऐकता तिथल्या निवडून आलेल्या सभेचं ऐकू लागले. ही झाली चूल वेगळी. अठराशे सदुसष्टला चार प्रांतांनी मिळून एक घर मांडलं. लांब पश्चिमेच्या एका प्रांताला म्हणाले, या आमच्यात, तुमच्यापर्यंत रेल्वे आणतो. इथं पोरं हसायची आणि हमखास विचारायची, "सर, आली का रेल्वे?" तू म्हणायचास, "आली. कॅनडा हाय तो, मराठवाडा न्हाई."

पुढं पहिलं महायुद्ध. बापानं युद्ध पुकारलं की लेकरं आपोआप युद्धात. दुसऱ्या महायुद्धात मात्र आठवडाभर थांबून, स्वतःच्या सभेत ठरवून उतरली. त्या एका आठवड्याचं तुला केवढं कौतुक! "स्वातंत्र्य म्हंजे तो आठवडा," म्हणायचास. मधल्या काळात एकोणीसशे एकतीसला कायदा झाला, की लंडनचा कायदा यांच्यावर आता आपोआप चालणार नाही. "चूल वेगळी, शेत वेगळं, बैल वेगळे," तू बोटं मिटत मोजायचास आणि करंगळी तेवढी उघडी ठेवायचास. "पण सातबारा? सातबारा बापाच्याच घरी. स्वतःची राज्यघटना बदलायची तर लंडनच्या पार्लमेंटला इचारावं लागायचं. कुठवर? एकोणीसशे ब्याऐंशीपर्यंत."

या सगळ्यात माझं काम एकच. मी अमेरिका.

बहात्तरचा दुष्काळ तुला सांगायला नको, पण मला तो पुन्हा सांगावासा वाटतोय. विहिरीचा तळ दिसायला लागला होता. अप्पांनी पाण्याच्या पाळ्या बांधून दिल्या. काही दिवस चुलत्यांचे, काही अप्पांचे आणि तुझे, आणि बुधवार माझा. विहिरीकडंचा एक तुकडाही दिला, कांदा लाव म्हणाले. तोवर त्या घरात माझं असं काही नव्हतं, सदरासुद्धा तुझाच उतरलेला. बुधवार हा माझा पहिला मालकीचा दिवस. पण त्या वर्षी दिवसभरात विहिरीला जे पाणी यायचं त्यात कांदाच काय, कांद्याची आशाही भिजत नव्हती. मग मी गावातल्या पोरांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलो. अप्पांना ते खुपत होतं. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, ज्याला खुर्ची मिळते त्या माणसाचा मुलगा दुष्काळी कामावर! तरी ते गप्प राहिले. बोलले ते मी माझ्या मजुरीतून जुनी सायकल आणली त्या दिवशी.

"कुनाला इचारून घेतलीस?"

"माझ्या मजुरीची हाय."

"या घरात माझी-तुझी मजुरी नसती. ऱ्हायचं तर इचारून ऱ्हायचं."

त्यांनी सायकल गोठ्यात घातली आणि कुलूप लावलं. मी दगड उचलला आणि कुलूप फोडलं. खडी फोडून हात सरावलेलेच होते. सगळी भावकी गोळा झाली. त्यांच्यासमोर म्हणालो, "तुमच्या विहिरीचं पानी आजपासून पिनार न्हाई," आणि सायकलवर टांग टाकली. तू दारात उभा होतास, नुकताच नोकरीला लागलेला, काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. मला वाटलं होतं तू अडवशील, निदान ओरडशील. तू चाकाकडं बघितलंस आणि म्हणालास, "मागच्यात हवा कमी हाय. चाकूरला भरून घे."

त्या वाक्याचा मला किती राग आला होता, अण्णा. आत्ता लिहितानाही येतोय. माणूस घर सोडून चाललाय आणि तुला हवेचं पडलंय. आणि हवा मी चाकूरलाच भरली.

पुढचं मला वहिनींकडून कळलं. मी गेल्यावर अप्पा म्हणाले, "त्याचा बुधवार काढून टाका." तू "हाव" म्हणालास. अप्पांना तू कधी नाही म्हणालाच नाहीस. पण बुधवार उजाडला आणि तू मोट जुंपली नाहीस. अप्पांनी विचारलं, तर म्हणालास, "आज बुधवार हाय." पुढच्या बुधवारी तेच. अप्पा संतापून स्वतः जुंपायला निघाले, तर तू बैल नाल मारायला घेऊन गेलेला. अप्पांनी घर डोक्यावर घेतलं. तू सगळं ऐकून घेतलंस, जेवलास, उत्तरपत्रिका तपासायला बसलास. काही महिन्यांनी अप्पांनी विचारणं सोडून दिलं. मग चुलत्यांनीही तो दिवस सोडला. बुधवारी विहीर विसावा घेते, असा नेमच पडून गेला. गावात पुढं कुणाला कारण आठवेना. लोकांना वाटायचं, काहीतरी देवाधर्माचं असेल. पण महादेवाचा वार सोमवार, मग बुधवार कसा, असा प्रश्न कुणाला पडला नाही.

लातूरला मी मोटारी भरायला शिकलो. जळालेली तार काढायची, नवी तार गुंडाळायची, पुन्हा फिरती करायची. स्वभावाला साजेसं काम. दुकान टाकलं. मग आपल्या विहिरीवर वीज आली, मोटार बसली, आणि ती जळली की तू ती एसटीच्या टपावर टाकून थेट माझ्याकडं आणायचास. उदगीरला मोटार भरणारे काय कमी होते? ज्या विहिरीचं पाणी पिणार नाही म्हणून मी शपथ घेतली, तिची मोटार दरवेळी मीच फिरती करून दिली. तू स्टुलावर बसायचास, चहा मागवायचास आणि मी तार गुंडाळत असताना मला चिडवायचास.

"तू अमेरिका. कराच्या रागानं लंडनचा चहा समुद्रात टाकून मोकळा."

"आणि तू?"

"मी कॅनडा. अजून अप्पाला इचारून भाजी आनतो."

"लाज न्हाई वाटत? नोकरीचा मानूस तू."

"लाज कशाची? भाजी माझ्याच आवडीची येती."

असा तुझा युक्तिवाद. मी म्हणायचो, जे मागून मिळतं ते कधीही काढून घेता येतं. तू म्हणायचास, जे हिसकावून घेतलं ते सांभाळायला जन्मभर मूठ आवळून बसावं लागतं. मी म्हणायचो, बसतो मी मूठ आवळून. तू म्हणायचास, मग जेवशील कसा. त्यावर मी हातातला पाना आपटायचो आणि तू चहाची दुसरी कपबशी माझ्याकडं सरकवायचास.

एकदा मात्र मी तुला गप्प केलं. तू नेहमीप्रमाणं वाटणी रंगवत होतास. मी म्हणालो, "बापलेकांची वाटनी झाली, ठीक हाय. पन जमीन मुळात कुनाची? हे गोरे जायच्या आधी तिथं मानसं हुती न्हवं? त्यांना वाटनीत काय आलं?" तू चहा अर्धा ठेवून उठलास. तुला कधी चहा अर्धा ठेवताना बघितलं नव्हतं. पुढच्या खेपेला आलास ते सांगतच आलास, "आज वर्गात ते बी सांगितलं. म्हनलं, आपली विहीर आजोबाची म्हनतो, पन खनली कुनी? उन्हात सुरुंग लावून काळा दगड फोडला त्या मानसांची नावं आपल्या घरात एकाला तरी ठाऊक हायत का? तुझ्यामुळं सुचलं हे, उपकार झाले." मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तसा झाला नाही, कारण तू हरल्यावरही मलाच धन्यवाद दिलेस. तुझ्याशी धड भांडतासुद्धा येत नव्हतं.

ब्याऐंशी साली लातूर उस्मानाबादमधून निघालं, स्वतंत्र जिल्हा झालं. आजोबांचा जिल्हा बीदर, अप्पांचा उस्मानाबाद, आपला लातूर. विहीर होती तिथंच होती, तिच्यावरचं राज्य तेवढं बदलत गेलं. लातूरला रस्त्यावर गुलाल होता. त्या गर्दीतून तू पेढ्यांचा पुडा छातीशी धरून दुकानात आलास.

"तीन पेढे खा," म्हणालास. "एक जिल्ह्याचा. एक कॅनडाचा, त्यांची घटना औंदा लंडनहून घरी आली. राणी सोता तिथं गेली, उघड्यावर टेबल मांडलं आन् सही केली. सही करताना पाऊस आला, कागदावर थेंब पडले म्हने. नशीबवान लोक." तू थांबलास. "आन् तिसरा सातबाऱ्याचा. अप्पा तलाठ्याकडं गेले हुते. दोघांची नावं लावली. तुझं बी."

मी पेढा तोंडात तसाच धरून विचारलं, "या तिन्हीतल्या एकासाठी तरी भांडलास का तू?"

"भांडायला तू हुतास की," तू म्हणालास. हसला नाहीस. "तू कुलूप फोडलंस म्हून अप्पानं पुन्हा कुनाला कुलूप लावलं न्हाई. अमेरिका हातची गेली म्हून लंडन कॅनडाशी जपून वागलं. पुस्तकात हाय ते."

मग तू मला आणखी एक गोष्ट सांगितलीस. त्या घटनेला क्युबेकनं, म्हणजे त्या फ्रेंच घरानं, संमती दिली नाही. तरी ते घरातच आहे, त्याची खोली तशीच आहे, त्याला कुणी बाहेर काढलेलं नाही. "तवा आजपासून तू अमेरिका न्हाईस," म्हणालास. "तू क्युबेक."

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आज सरळ सांगतो. मी कुलूप फोडलं म्हणून तुला मोकळीक मिळाली, हे तू त्या दिवशी कबूल केलंस. त्याची दुसरी बाजू मी कधी बोललो नाही. तू राहिलास म्हणून मला जाता आलं. आपल्या आईचं, अव्वाचं, आजारपण, अप्पांचं शेवटी शेवटी पोरासारखं होणं, भावकीच्या कटकटी, सगळं तुझ्या अंगावर होतं. मी इथं सायकलवरून स्कूटरवर आलो, दुकान वाढवलं, आणि स्वतःला स्वतंत्र म्हणवून घेतलं. मी जे केलं ते पुन्हा करीन, ते चूक नव्हतं. पण एकट्यानं केलं असं मी जे सांगत फिरायचो ते खरं नव्हतं. त्यात तुझा वाटा होता, आणि तो मोठा होता.

गावी यायचो तेव्हा माझं पाणी माझ्याबरोबर. आधी फिरकीचा तांब्या, मग प्लॅस्टिकची बाटली. वहिनींनी त्यावरून कधी शब्द काढला नाही. जेवताना माझ्या ताटाजवळ भांडं ठेवायच्या, रिकामं. मी माझ्या बाटलीतून ओतून घ्यायचो. तू समोर बसून विहिरीचं पाणी प्यायचास. इतकं सगळं रीतसर चालायचं की नव्या पाहुण्याला वाटावं, या घरची पद्धतच अशी.

आणि दर भेटीत मी तुला म्हणायचो, बुधवार बंद कर. पाणी वाया घालवू नकोस. तू म्हणायचास, "वाया कुठं जातंय? विहिरीतच ऱ्हातंय." मी म्हणायचो, नुसत्या नावापुरत्या ठेवलेल्या गोष्टीला अर्थ काय? तुझ्या कॅनडानं सगळं मिळवलं आणि वर नावाला राणी ठेवली, तशातला प्रकार. तू म्हणायचास, "नावाला म्हून काय झालं. नाव काढलं की जागा भरती. मग त्या मानसाला यायचं म्हनलं तर यायला जागा न्हाई."

मग ते वर्ष आलं, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते. तुझ्या वर्गातली ती पोरं तेव्हा हसायला हवी होती. आमच्यापर्यंत रेल्वे आली ती अशी आली. नळ कोरडे, गल्लीत घागरींच्या रांगा, माझ्या दुकानात लोक मोटार भरायला येईनात कारण उपसायला कुठं पाणीच नव्हतं. तेव्हा तू टेम्पोत पिपं भरून पाठवलीस. ड्रायव्हरनं निरोप दिला, "सरांनी सांगितलंय, हे बुधवारचं हाय. तुमचंच हाय." मी ते पाणी गल्लीला वाटून टाकलं. एक थेंब घरात घेतला नाही. बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. फोनवर तुला सांगितलं, तर तू म्हणालास, "गल्लीनं पिलं न्हवं? झालं तर." माझ्या हातात फोन होता म्हणून, नाहीतर मी काहीतरी आपटलं असतं.

आता शिवराजचा प्रश्न. तो तुझा मुलगा, शेती तो करतो, विहीर त्याच्या अंगणातली, रोपं त्याच्या हातची. आणि त्याच्या विहिरीची मोटार बुधवारी चालू करायची की नाही, हे त्याला लातूरला राहणाऱ्या, त्या विहिरीचं पाणी न पिणाऱ्या म्हाताऱ्याला विचारावं लागतं. परवा दुकानात येरझाऱ्या घालता घालता हे माझ्या डोक्यात आलं आणि मी जागीच थांबलो. अण्णा, मी अमेरिका नव्हे, क्युबेकही नव्हे. मी लंडन झालोय. "ऱ्हायचं तर इचारून ऱ्हायचं," हे ज्याच्या तोंडून ऐकून मी कुलूप फोडलं, त्या अप्पांच्या खुर्चीत तू मला बसवून ठेवलंस. तेही मला न सांगता, माझ्यावर माया म्हणून.

मग लगेच "हो, चालू कर" म्हणून फोन का करत नाही? ते तुला सांगतो, तुझ्याशिवाय कुणाला सांगू. बुधवार सोडला की तू माझ्यासाठी धरून ठेवलेली शेवटची गोष्ट संपते. इतकी वर्षं मी तिला लाथ मारत आलो, कारण ती तिथं आहे याची मला खात्री होती. आता तू नाहीस, आणि बुधवारही गेला तर त्या गावात माझं काय उरलं? सातबाऱ्यावरचं नाव? ते तलाठ्याला ठाऊक. आणि बुधवार धरून ठेवावा तर तिकडं रोपं वाळतायत. तुझ्या पोराचा जीव त्या रोपांत आहे. तो मला शब्दानं बोलणार नाही, तुझाच मुलगा तो. आवाज चढवणार नाही, नुसता बुधवारची वाट बघत बसेल. हेच मला सहन होत नाही.

आणि एक विचारायचं राहूनच गेलं. शेवटचा भेटलो तेव्हा तू खाटेवर होतास, बोलणं तुटक झालं होतं, आणि आपण उदगीर जिल्हा होणार की नाही यावर बोललो. तू म्हणालास, "हुईल की. घाई काय." मला विचारायचं होतं, बुधवार तू माझ्यासाठी ठेवलास की अप्पांना एकदा तरी नाही म्हणता यावं म्हणून? विचारलं नाही. आता वाटतं, तुझं उत्तर "दोन्ही" असंच आलं असतं, आणि मी त्यावरून पुन्हा चिडलो असतो.

इथवर लिहून कागद ठेवून दिला होता. काल बुधवार होता.

काल पहिल्या एसटीनं गावी गेलो. शिवराज विहिरीवरच होता. मला बघून चपला काढून उभा राहिला. मी म्हणालो, चपला घाल, ऊन आहे. तुझ्या जागेवरची माती सुकून भेगाळली होती. वहिनींनी तिथं बेलाचं रोपटं लावलंय, तेही मान टाकून. मी स्टार्टरजवळ गेलो. त्या मोटारीची एकेक तार माझ्या हातची, पण तिचं बटन मी कधी दाबलं नव्हतं. हिरवं बटन दाबलं. आवाज ऐकला, बरोबर होता. पाइप फुरफुरला, मग पाणी आलं. पहिला पाट तुझ्याकडं वळवला. मातीनं पाणी इतकं भराभरा ओढलं की मला तिथं उभं राहवेना. मग सीताफळांकडं.

शिवराजनं फावड्यानं एका आळ्याची माती सारखी केली. मग म्हणाला, "काका, पुढच्या बुधवारी फोन करू का?"

"कशाला?"

"इचारायला."

"इचारायचं न्हाई," मी म्हणालो. "पुढच्या बुधवारी न्हाई, त्याच्या पुढच्या बी न्हाई. कुनालाच इचारायचं न्हाई आता. तुझी विहीर, तुझा बुधवार."

तो म्हणाला, "पन अण्णांनी एवढी वर्सं..."

"ते अण्णाचं आन् माझं भांडन हाय. ते चालू ऱ्हाईल. त्यापायी तुझी रोपं कशाला वाळवायची?"

तो रडला. अगदी तुझ्यासारखा, आवाज न चढवता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसरीकडं बघत राहिलो.

जेवायला बसलो. वहिनींनी नेहमीसारखं रिकामं भांडं ठेवलं. मी बाटली काढली, ती प्रवासातच संपलेली. वहिनी बघत होत्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "भरून आनू?" पन्नासेक वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मी बाटली पुढं केली. त्या विहिरीकडं गेल्या, मोटार चालूच होती, पाइपाला लावून बाटली भरून आणली, पुसली आणि माझ्या पिशवीत ठेवली. जेवताना मी ताकच प्यायलो. त्यांनीही आग्रह केला नाही.

बाटली आता दुकानात माझ्यासमोर आहे. आज सकाळी एक घोट घेतला. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते पाणी फार गोड असेल आणि मी स्वतःलाच शिक्षा करून घेतोय. गोडबिड काही नाही, अण्णा, जरा मचूळच आहे. तू असतास तर म्हणाला असतास, दिवसभर चालू दे, मग चव येईल, आणि आपली जुंपली असती. उरलेलं उद्या घेईन, परवा घेईन, जमेल तसं. माझा स्वभाव बाटली एका दमात रिती करायचा, तो तुला माहीत आहे. पण ही नाही होत तशी. हसायचं तर हस.

घोट घेताना स्टुलावर बसलो होतो. तुझ्याच. अजून उठलो नाही.